पोळी, पण कुठली?

डायटिशियनने तुमच्या तीन दिवसांच्या खाण्याचा रिपोर्ट पाठवला असेल, तर आधी त्यातले दशांश बघा. लोह अमुक पूर्णांक सदतीस शतांश मिलिग्रॅम! एवढी अचूकता पाहून आपण गप्प बसतो. पण तो आकडा तुमच्या ताटातून कुणी मोजलेला नसतो. तुम्ही सांगितलंत, "दोन पोळ्या, वरण-भात, कोबीची भाजी." समोरच्याने सॉफ्टवेअरच्या यादीत त्यातल्या त्यात जवळचं नाव शोधलं आणि क्लिक केलं. सगळं कौशल्य आणि सगळा घोळ त्या क्लिकमध्ये आहे. पॉडकास्टवर बोलताना आकडे भराभर निघून जातात, म्हणून इथे लिहितेय.

पोळीचंच घ्या. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात चपातीची एक नोंद आहे, आणि तिच्या नावातच लिहिलंय की ती कारखान्यात बनलेली, विकतची आहे. तिच्यात १०० ग्रॅममागे सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम आणि ७ ग्रॅमच्या वर फॅट आहे. तुमच्या आईच्या कणकेत चिमूटभर मीठ आणि चमचाभर तेल असतं, काही घरांत तेवढंही नसतं. दिवसाला पाच पोळ्या, म्हणजे साधारण २०० ग्रॅम धरा. रिपोर्टमध्ये नुसत्या पोळीतून ८०० मिलिग्रॅम सोडियम जमा होतं. अमेरिकेत प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा २,३०० आहे. मग ब्लडप्रेशर असलेल्या काकांना सल्ला मिळतो: पोळ्या कमी करा. आणि जेवताना तोंडी लावलेलं लोणचं? ते त्यांनी सांगितलेलंच नसतं, कारण लोणचं म्हणजे काय जेवण आहे का!

भाकरीची गत आणखी मजेशीर आहे. ज्वारीची भाकरी यादीत सापडली नाही की घाईत मक्याचा टॉर्टिया निवडला जातो. दिसायला दोन्ही गोल, दोन्ही ग्लुटेनशिवाय. पण टॉर्टियाचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, म्हणून त्यात १०० ग्रॅममागे ८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ज्वारीच्या १०० ग्रॅम धान्यात ते ३०च्याही खाली, आणि पाणी घालून भाकरी झाली की आणखी कमी. हाडं ठिसूळ होत चाललेल्या आजीच्या रिपोर्टमध्ये हे न खाल्लेलं कॅल्शियम जमा झालेलं असेल, तर तिला "ठीक आहे" म्हणून घरी पाठवलं जाईल. पोळीचा घोळ निदान चिडचिड तरी करतो, हा घोळ कुणाच्या लक्षातच येत नाही.

ब्रिटनमधल्या वाचकांची अवस्था थोडी बरी. तिथला मॅकन्स आणि विडोसन यांचा तक्ता १९४०पासून चालत आलाय, आणि त्यात तेल-तूप घालून केलेली चपाती आणि त्याशिवायची चपाती अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. १९८५ साली त्याची एक खास पुरवणी निघाली. तिचं नाव होतं "स्थलांतरितांचे पदार्थ". नावावर तुम्ही हवं तेवढं नाक मुरडा, पण कुणीतरी आपलं जेवण प्रयोगशाळेत नेलं होतं.

सॉफ्टवेअरवरचा माझा मोठा आक्षेप मात्र वेगळाच आहे. अमेरिकेच्या फूडडेटा सेंट्रलमध्ये काही नोंदी प्रयोगशाळेतून आलेल्या आहेत, तर ब्रँडेड पदार्थांच्या नोंदी कंपन्यांच्या लेबलवरून. लेबलवर जीवनसत्त्वं आणि खनिजांपैकी सोडियमशिवाय सक्ती फक्त ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, लोह आणि पोटॅशियमची. मॅग्नेशियम, झिंक बहुधा नसतातच. तो रकाना रिकामा राहतो, आणि बेरीज करताना रिकामं म्हणजे शून्य धरलं जातं. "माहीत नाही" आणि "नाही" यांत फरक आहे, हे संशोधन शिकताना पहिल्या वर्षी डोक्यात ठोकलं जातं. देशी दुकानातली फ्रोझन पाकिटं खाणाऱ्या विद्यार्थ्याला मॅग्नेशियमची "कमतरता" दिसते आणि हातात गोळ्यांची बाटली येते.

मिनेसोटा विद्यापीठाचं एनडीएसआर अशा रिकाम्या जागा मिळत्याजुळत्या पदार्थांवरून अंदाजाने भरतं. हेही अंदाजच, पण विचार करून केलेले. क्रोनोमीटर प्रत्येक नोंदीचा स्रोत दाखवतं. मला हे दाखवणं सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण मग तुम्ही भांडू तरी शकता. लोकांनी स्वतः टाइप केलेल्या नोंदींवर चालणारी ॲप वजन सांभाळायला वापरा हवं तर, उपचारासाठी नको.

मग भारतीय तक्ते वापरावेत का? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७चा तक्ता उत्तम आहे: देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ पदार्थ तपासले, आणि लोह शोषायला अडथळा आणणारं फायटेटसुद्धा मोजलं. पण तो मुख्यतः कच्च्या मालाचा आहे. त्यात नाचणी मिळेल, थालीपीठ नाही. (ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. ४.१८४ने भागायला विसरलात तर भाताची वाटी बघून धडकी भरेल.) शिवाय तुम्ही न्यू जर्सीत मैदा घेता तो लोह आणि फोलिक ॲसिड घातलेला असतो, तिथे भारतीय मैद्याचा आकडा चुकतो. म्हणजे ज्वारीला हैदराबाद आणि मैद्याला अमेरिका, अशी सरमिसळ करावी लागते. चांगला डायटिशियन ती करतो, पण त्याला वेळ लागतो, आणि अपॉइंटमेंट अर्ध्या तासाची असते.

तेव्हा पुढच्या वेळी जाताना कणीक, तेल, मीठ किचन स्केलवर कच्चं मोजून न्या. तेवढ्या कणकेच्या किती पोळ्या झाल्या आणि त्यांचं भाजल्यावरचं वजन किती, तेही लिहा. वाटी सांगू नका, तुमची वाटी आणि त्यांचा २४० मिलिलिटरचा कप यांचा काही संबंध नाही. आणि रिपोर्ट आला की विचारा: यातली पोळी नक्की कुठली निवडलीत?