बातमीतला हरवलेला कर्ता

भीमा शिरूर तालुक्यात कोरेगावाजवळून वाहते आणि पुढे दौंड तालुक्यात पारगावापाशी येते. या एकाच नदीकाठच्या दोन घटनांची कात्रणे मी जपून ठेवली आहेत. मी व्याकरण शिकवणारा माणूस. बातमी वाचताना माझी नजर आधी कर्ता शोधते.

पहिली घटना १ जानेवारी २०१८ ची. बाबासाहेब १९२७ साली याच तारखेला कोरेगावच्या विजयस्तंभापाशी आले होते. लढाईला दोनशे वर्षे झाली म्हणून त्या दिवशी लाखो माणसे मानवंदनेला आली, बायकापोरांसह. बातमी आली : ‘दोन गटांत दगडफेक झाली.’ झाली! जणू पाऊस झाला. पहिला दगड कोणी उचलला हे चौकशी आयोगाने आणि न्यायालयाने ठरवावे. पण मानवंदनेला आलेल्या माणसाला ‘गट’ ठरवण्याचा अधिकार वार्ताहराला कोणी दिला? पुढे दूरचित्रवाणीचे कॅमेरे शनिवारवाड्यावरच्या एल्गार परिषदेकडे वळले, ‘शहरी नक्षल’ हा शब्द रूढ झाला, आणि ज्यांची वाहने-दुकाने जळाली ती माणसे पडद्यावरून पुसली गेली.

दुसरी घटना जानेवारी २०२३ ची. पारगावापाशी नदीत एकाच कुटुंबातील सात जणांची प्रेते सापडली. त्यांत तीन मुले. मराठवाड्यातून पोटासाठी इकडे आलेले कुटुंब. मुलाने मुलगी पळवली म्हणून ‘सामूहिक आत्महत्या’, असे छापून आले. काही दिवसांतच पोलिसांनी खुनाच्या आरोपाखाली चुलतभावांना अटक केली. कोरेगावच्या बातमीत कर्ताच नव्हता. इथे मेलेल्यांनाच कर्ता केले. स्थलांतरित मजुराचे मरण इतक्या सहज पटते!

हा केवळ भाषाशुद्धीचा प्रश्न नव्हे. १९९३ साली स्थापन झालेला राष्ट्रीय मानवाधिकार आयोग वृत्तपत्रातील बातमीवरूनही स्वतःहून दखल घेऊ शकतो. पण कोणी, कोणावर, कुठे, काय केले हे बातमीत नसेल, तर दखल कशाची घ्यायची?

प्रस्थापितांवर बोट ठेवून आपण सुटत नाही. ‘मूकनायक’ची जाहिरात ‘केसरी’ने पैसे घेऊनही छापायला नकार दिला होता. १९२७ साली महाडच्या तळ्यावर जो प्रसंग घडला, त्यानंतर पंधरवड्यातच, ३ एप्रिलला, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ काढले. आणि आपली आजची नियतकालिके? ‘अमानुष’, ‘निर्घृण’ ही विशेषणे मोठ्या टायपात, आणि फिर्याद कोणत्या ठाण्यात नोंदली, कोणते कलम लावले, याचा पत्ता नाही. आपला संताप खरा आहे, पण संतापाला तारीख-वार असले तरच तो पुराव्याच्या कामी येतो.

रेडिओची तऱ्हा निराळी. सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास बंदी आहे, पण कायदा समजावून सांगण्यास नाही. आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, हा हक्क अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५-अ ने २०१६ पासून दिलेला आहे. ऊसतोडीच्या तळावर, वीटभट्टीवर वृत्तपत्र पोहोचत नाही, आवाज पोहोचतो. तिथे एवढे एक कलम बोलीभाषेत दहा वेळा सांगितले, तरी मी त्याला मोठे काम म्हणेन.

यंदा वर्गात ती कात्रणे वाटली. ‘झाली’ खोडून कर्ता शोधा, म्हटले. एका मुलीने विचारले, “सर, आत्महत्येची बातमी चुकली होती, हे त्यांनी नंतर छापलं का?” माझ्याजवळच्या कात्रणांत तशी ओळ नाही.