प्रक्षेप कीं भाष्य?

पोथीच्या समासांत कोणी लिहिलेली टीप पुढच्या नकलाकारानें मूळ संहितेंत घेतली, म्हणजे पाठनिर्णय करणाराची केवढी तारांबळ उडते, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नकोच. तोच प्रश्न छायाचित्रांच्या बाबतींत विवान सुंदरम् (१९४३–२०२३) यांच्या ‘री-टेक ऑफ अमृता’ (२००१–०२) या जोडचित्रमालेनें उपस्थित केला आहे. चित्रकर्त्री अमृता शेरगिल (१९१३–१९४१) ही सुंदरम् यांची मावशी. तिचे वडील उमरावसिंग (१८७०–१९५४) यांनीं बुडापेस्ट, पॅरिस, सिमला येथें काढलेलीं व कुटुंबाच्या संग्रहांतील इतर छायाचित्रें नातवानें संगणकावर कापून एकत्र सांधलीं. त्यामुळें निरनिराळ्या सालचीं माणसें एकाच दालनांत वावरतात, आणि पाहणारास दुसऱ्याच्या स्वप्नांत शिरल्याचा भास होतो.

हा प्रक्षेप म्हणावा काय? आमच्या मतें नाहीं. प्रक्षेपकार आपलें नांव लपवून मूळ कर्त्याच्या नांवावर श्लोक खपवितो. सुंदरम् यांनीं आपला आधार ग्रंथाच्या उपशीर्षकांतच नमूद केला आहे. हें भाष्यकाराचें वर्तन होय. शिवाय अमृतेच्या पत्रांचे व लेखांचे दोन सटीप खंड २०१० सालीं संपादणारे हेच गृहस्थ. कागदपत्राची मर्यादा त्यांस ठाऊक नव्हती असें कोणी म्हणूं नये.

आणि ‘मूळ’ छायाचित्र तरी कितपत निर्मळ? उमरावसिंग संस्कृत व फारसीचे व्यासंगी. कॅमेऱ्यापुढें स्वतःस नाना परींनीं मांडण्याची त्यांस विलक्षण हौस. कधीं ग्रंथांत रमलेला पंडित, कधीं उघड्या अंगाचा योगी. वेष, आसन, प्रकाश योजून स्वतःचें आख्यान प्रथम त्यांनींच रचिलें. नातवानें तें पुढें चालविलें इतकेंच. ‘सिस्टर्स विथ टू गर्ल्स’ या जोडचित्रांत अमृता व तिची धाकटी बहीण इंदिरा यांची सांगड अमृतेच्याच १९३९ च्या ‘टू गर्ल्स’ या तैलचित्राशीं घातली आहे. छायेंतील दोघी आणि रंगांतील दोघी यांचें हें नातें चरित्रग्रंथाच्या एखाद्या प्रकरणाहून बोलकें आहे. (नांव अमृतेचें असलें तरी मालेचा खरा नायक आजोबाच वाटतात, असो.)

तथापि एक आक्षेप राहतो. बर्लिनमध्यें १९१९–२० च्या सुमारास हाना होख या चित्रकर्त्रीनें छापील चित्रें कात्रीनें कापून जोडलीं. त्यांत कातरलेली कड उघड दिसते. येथें सांधा बहुधा दिसतच नाहीं. उपशीर्षक जवळ आहे तोंवर भय नाहीं. पण सुटी प्रत हातीं आली, तर पन्नास वर्षांनीं एखादा चरित्रकार तिजवरून अमुक सालीं बापलेकींची भेट झाली असें लिहून मोकळा होईल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९६६ सालीं पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत प्रक्षिप्त श्लोक टाकून न देतां तळटीपांत व परिशिष्टांत निराळे दाखविले. तीच शिस्त येथें हवी. हल्लीं आपल्याकडेही पणजोबा व पणतू एका ओसरीवर बसविण्याची हौस वाढली आहे, आणि हीं चित्रें घराण्याच्या दप्तरांबरोबरच संग्राहकांकडे येणार. तेव्हां अशा प्रतीच्या पाठीवर घटक छायाचित्रांचीं स्थळें, सालें व जोडणाराचें नांव लिहून घेतल्यावांचून ती दाखल करूं नये, आणि मूळ कांचा निराळ्या पेटींत ठेवाव्या.