साठ मिनिटांचा राजपुत्र

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा संगणकावरील खेळ जॉर्डन मेक्नर यांनीं १९८९ सालीं रचला. मालेगांवाहून अकोल्यास शिकावयास गेलेले आम्ही चौघे खाणावळीच्या पैशांतून वर्गणी काढून तो तासाच्या भाड्यानें खेळत असूं. नायकासही राजकन्येच्या सुटकेस साठच मिनिटें! मेक्नर यांनीं धाकट्या भावाच्या धांवण्याचें चित्रण करून त्यावरून नायकाची चाल रेखाटली. म्हणूनच तो कोसळला कीं आपलेंच हाड मोडल्यासारखें वाटे. कथानक सामान्य; राजकन्या तर निव्वळ बाहुली. परंतु शेवटीं नायकाची स्वतःच्याच छायेशीं गांठ पडते. तिला मारावें तर आपणच मरतों; तरवार म्यान केली तरच दोघे एक होतात. ही कल्पना थोर नाटककारासही शोभावी. आमचा तास मात्र त्यापूर्वींच संपे. तो प्रसंग आम्हीं पाहिला पुष्कळ वर्षांनीं, मुलाच्या संगणकावर. तेथें तास मोजणारें कोणी नव्हतें, आणि वर्गणीदारही नव्हते.