माफी चारचौघांत मागायची

गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात शेतीसारखाच नाटकाचाही हंगाम असतो. दिवाळीच्या सुमारास धान घरात येऊ लागतो, भाऊबीजेपासून गावोगावी मंडई म्हणजे गावजत्रा भरते आणि तिथून होळीपर्यंत रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात नाटकाचा मंडप उभा असतो. ही झाडीपट्टी रंगभूमी. बहुतेक कंपन्या वडशाच्या. गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या गाडीने अर्जुनी सोडली की पुढे लागते ते वडसा. गावातले मंडळ कंपनी ठरवते, तिकिटे लावते आणि घरोघरचे निरोप सोयऱ्यांकडे जातात. लेकी-जावई येतात, व्याही येतात, आणि त्या गर्दीत पोरीसाठी स्थळही पाहून होते. पडदा उघडतो रात्री दहाच्या पुढे आणि प्रेक्षक घरी जातात ते पहाटे.

माझे बालपण अर्जुनी मोरगाव तालुक्यातले. या नाटकांत बाहेरख्याली नवरा असतो, भावाला फसवणारा भाऊ असतो, शपथा घेऊन शहरात नाहीसा झालेला प्रियकर असतो. प्रसंग रडवणारे, पण दर दोन प्रवेशांमागे विनोदी नट येऊन मंडप डोक्यावर घेतो. त्याच्या तोंडी झाडीबोली, आणि गावातल्या गोष्टी ऐनवेळी संवादात घालण्याची मुभा फक्त त्याला. गडचिरोली जिल्ह्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी अशा भूमिका करत पाच हजारांहून अधिक प्रयोग केले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीतल्या प्रत्येक विनोदी नटाचा तो मान आहे असे मला वाटले.

या नाटकांतली माफी मला फार खरी वाटते. चूक करणारा शेवटी भर मंचावर सगळ्यांसमोर हात जोडतो, आणि समोर बसलेल्या बाया त्याच्या बायकोला ओरडून सल्ला देतात. कुणी म्हणते घे पदरात, कुणी म्हणते हाकलून दे. जावई सासऱ्याशेजारी बसून हे ऐकत असतो. कधी स्वतःच्या घरात असेच काही घडलेली एखादी बाईही तिथे असते, आणि विनोदी नटाच्या पुढच्याच वाक्यावर तीही हसते. घरात दबलेली गोष्ट परक्याच्या तोंडून, हसत, सगळ्या सोयऱ्यांदेखत बोलली जाते. तिथे विनोद नसता तर ती गोष्ट ऐकायला कुणी थांबलेच नसते.

हे फक्त झाडीपट्टीतच घडते असे नाही. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनराव एका तसबिरीवरून बायकोवर संशय घेतो आणि अख्खे नाटक त्या संशयावर हसवत शेवटी सगळ्यांना समेटाला आणते. मूळ कथा मोलियरची, १६६० सालची. ती आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून देवलांपर्यंत पोहोचली. पॅरिसचा संशयी नवरा असा लंडनमार्गे महाराष्ट्रात आला आणि इथलाच झाला.

आता परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाकडे येतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले, आणि जिथे मराठी माणूस गेला तिथे मंडळापाठोपाठ नाटकही गेले. आपल्या कलावंतांनी यंदा बसवलेले विनोदी नाटक पाहताना मला पुन्हा मंडपात बसल्यासारखे वाटले. नवऱ्याने आपला मोडलेला साखरपुडा बायकोपासून लपवलेला. पाहुणे जेवत असताना तो उघडकीला येतो. नवऱ्याचे काम करणारे गृहस्थ रोज आपल्यासोबत गाडीने कामाला जातात, बायको झालेली ताई रविवारी आपल्या मुलांना मराठी शिकवते. त्यामुळे नवऱ्याने माफी मागितल्यावर तिने “आधी पाहुण्यांना विचारते” म्हणताच आपण सगळेच पाहुणे झालो आणि मागच्या रांगेतून एक आजी मोठ्याने म्हणाल्या, “सोड गं त्याला!” व्यावसायिक नाटक कितीही सफाईदार असो, ओळखीच्या माणसाला मंचावर माफ करण्याचा हा आनंद तिथे मिळत नाही.

आठवडाभर नोकरी करून शनिवार-रविवारी कुणाच्या तरी तळघरात तालीम करणारे, घरातलाच सोफा मंचावर नेणारे, दोन ओळी पाठ व्हाव्यात म्हणून गाडी चालवताना ध्वनिमुद्रण ऐकणारे हे लोक. हंगाम संपला की शेतात परतणाऱ्या झाडीपट्टीच्या नटांचे हे सख्खे भाऊबंद आहेत.

म्हणून कार्यकारिणीला एक विनंती. पुढच्या वर्षी झाडीपट्टीतल्या एखाद्या नाटककाराची रीतसर परवानगी घेऊन त्याची संहिता बसवा. मानधन पाठवा, विनोदी पात्राची झाडीबोली जशीच्या तशी ठेवा. ती शिकवायला मी तालमींना येईन.