कराडचं बोअर आणि आपल्या पायाखालचा लाव्हा

ज्वालामुखीवर काम करणारं सरकारी केंद्र म्हटलं की हवाई बेटावरची वेधशाळा आठवते. १९१२ पासून २०१८ पर्यंत ती किलाउआच्या तोंडाशी बसून होती. जमीन किती फुगली, किती हादरे बसले, कोणता वायू किती निघाला, हे रोज मोजायचं. उद्रेक व्हायच्या आधीच्या नोंदी हाताशी असतात, म्हणून बदल कळतो.

आपल्याकडे जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. महाराष्ट्रातला लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला. इथे पाळत ठेवायला काही उरलेलं नाही, खोदूनच विचारावं लागतं. ते काम करणारी संस्था कराडला आहे: पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा. तिच्या कामाकडे आज जरा चिकित्सक नजरेने पाहू. पीएचडीचा प्रस्ताव लिहिणाऱ्यांना त्यातून घेण्यासारखं बरंच आहे.

आधी प्रश्न समजून घ्या. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. धरणात पाणी साठल्यावर सुरू झालेले हादरे अजून थांबलेले नाहीत. ते साधारण २० × ३० किमी एवढ्याच भागात होतात आणि बहुतेक १० किमीपेक्षा कमी खोलीवर. प्रश्न नेमका, जागा नेमकी. भूकंप जिथे होतो तिथेच उपकरण नेऊन ठेवायचं, ही या प्रकल्पाची सगळ्यात जमेची बाजू. आधी सुमारे दीड किमी खोलीची शोध-बोअर घेतली, मग २०१७ मध्ये गोठण्याला ३ किमीचं. थेट मोठी उडी मारली नाही. पायलट स्टडी कशाला म्हणतात, हे इथे शिका.

मिळालं काय? गोठण्याला बेसॉल्टचा थर सुमारे सव्वा किमी निघाला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी खडक. मधे गाळाचा खडक असेल, हा अंदाज त्या जागी तरी खोटा ठरला. 'आढळलं नाही' हाही निष्कर्षच असतो. फक्त शोधायची पद्धत पक्की हवी.

आता उणी बाजू. पहिली गोष्ट खोलीची. बरेचसे हादरे ३ किमीच्या खाली होतात. म्हणजे हे बोअर भूकंपाच्या दारापर्यंत गेलं, घरात शिरलं नाही. त्यावरून 'कोयनेच्या भूकंपाचं रहस्य उलगडलं' असं कुणी लिहिलं तर थांबायचं आणि विचारायचं: मोजलं कुठे, बोलताय कुठलं?

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. लाव्ह्याच्या जाडीची अशी खात्रीची दुसरी नोंद किल्लारीची. तिथलं बोअरही ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरचं. तिथे बेसॉल्ट ३४० मीटरच्याही आत संपला आणि खाली थोडा गाळाचा थर लागला. कोयना ते किल्लारी अंतर सुमारे ३०० किमी. दोन्हीकडे खोल बोअर झालं ते माणसं मेल्यावर. मधल्या सोलापूर जिल्ह्याच्या नशिबाने असा भूकंप आला नाही, म्हणून असं बोअरही आलं नाही. यात कराडच्या शास्त्रज्ञांचा दोष नाही, त्यांना प्रश्नच भूकंपाचा दिला होता. दोष धोरणाचा आहे. ज्वालामुखी वेधशाळेचं मूळ तत्त्व 'आधी नोंद' हे आहे, आपण 'आधी आपत्ती' असा क्रम लावला.

याने बिघडतं काय? २०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दख्खनच्या लाव्ह्याचं वय सांगणारे दोन शोधनिबंध आले. पद्धती वेगळ्या. एका गटाच्या मते डायनासोर नष्ट होण्याच्या जरा आधी लाव्ह्याची मोठी लाट आली, दुसऱ्याच्या मते बहुतांश लाव्हा त्यानंतर वाहिला. दोघांचाही मुख्य आधार सह्याद्रीच्या घाटातले थर. वय मोजलं तरी 'किती लाव्हा' हे सांगायला सगळीकडची जाडी लागते, आणि पूर्वेकडे ती बरीचशी अंदाजाने भरली जाते. त्या अंदाजात आपलं करकंबही येतं.

गंमत म्हणजे करकंबच्या शिवारात बोअरना तोटा नाही. द्राक्षबागेसाठी पाचशे-सातशे फूट सहज जातात. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, मधेच लालभडक मातीचा पट्टा, हे बोअरवाल्याला तोंडपाठ असतं. तो लाल पट्टा म्हणजे दोन लाव्हा प्रवाहांच्या मधला काळ. पण शेतकऱ्याच्या वहीत उरतं काय? फूट, रुपये आणि पाणी किती इंच लागलं. ही बोअर लाव्ह्याच्या तळापर्यंत जात नाहीत, आणि वर आलेल्या भुकटीवरून थराची खोली अदमासेच कळते. तरी वीस बोअरच्या जागा, उंची आणि लाल पट्ट्याची खोली एका तक्त्यात आली, तर तो पट्टा गावभर सलग आहे की तुटक, एवढं तरी तपासता येईल. एमएस्सीच्या प्रकल्पाला हा विषय पुरतो. खर्च म्हणाल तर मोटारसायकलचं पेट्रोल आणि बोअरच्या गाडीशेजारी काढलेल्या चार रात्री.

प्रस्ताव लिहिताना कराडकडून दोन गोष्टी घ्या: नेमका प्रश्न आणि पायरीपायरीने जाणं. तिसरी आपण घालायची, ती म्हणजे काही घडायच्या आधीची नोंद. पुढचं बोअर लागेल तेव्हा वही घेऊन जा.