आवाज आला, पण मध्ये बोलता येतं का?

यंत्राच्या आवाजात बोलणारा माणूस म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे स्टीफन हॉकिंगच येणार. त्यांचं प्रत्येक वाक्य स्वच्छ ऐकू यायचं. पण शेवटच्या वर्षांत गालाच्या स्नायूने शब्द निवडताना मिनिटाला जेमतेम एक-दोन शब्द जमायचे. भाषण आधी तयार करून ठेवता येतं, गप्पा येत नाहीत. आपलं वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

म्हणून २०२५ साली 'नेचर'मध्ये आलेला, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाचा शोधनिबंध मला महत्त्वाचा वाटतो. एएलएसमुळे ज्यांचं बोलणं इतरांना कळेनासं झालंय, अशा एका गृहस्थांच्या मेंदूत २५६ इलेक्ट्रोड बसवलेत. ते बोलायचा प्रयत्न करतात आणि सेकंदाच्या साधारण चाळिसाव्या भागात स्पीकरमधून आवाज येतो, तोही त्यांच्या आजारापूर्वीच्या आवाजासारखा. आधी अक्षरं, मग आवाज, असा वळसा नाही. त्यामुळे नुसतं 'हं' म्हणता येतं, एखाद्या शब्दावर जोर देता येतो, वाक्याचा प्रश्न करता येतो. मराठीत 'जेवलास' म्हणून बघा: विधान की प्रश्न, हे फक्त सूर ठरवतो.

आता दुसरी बाजू. ऐकणाऱ्यांना यातले जवळपास ६० टक्केच शब्द कळले. यंत्राशिवाय ४ टक्के कळत होते, म्हणजे झेप मोठीच आहे. पण त्याच गृहस्थांबरोबर २०२४ मध्ये दाखवलेली, बोलण्याचा प्रयत्न आधी मजकुरात उतरवणारी यंत्रणा ९७ टक्क्यांपर्यंत अचूक होती.

मग कोणती चांगली? माझा आक्षेप इथेच आहे. हे ६० टक्के आले ते ध्वनिमुद्रण ऐकून शब्द लिहून काढणाऱ्या अनोळखी श्रोत्यांकडून. घरात असं कोणी ऐकत नाही. समोरचा "काय म्हणालास?" विचारतो, अर्धं संदर्भावरून ओळखतो. तिथे ६० टक्क्यांत काम भागेलही. औषधाचा डोस सांगताना मात्र मुळीच भागणार नाही. हे दोन्ही प्रसंग एका आकड्यात कसे मावतील? शिवाय हा सगळा अनुभव एकाच माणसाचा आहे.

पुढच्या वेळी अशी बातमी वाचलीत, तर आवाज किती हुबेहूब आहे एवढंच बघू नका. त्या माणसाला दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडता आलं का, आणि चुकीचं ऐकलं गेलं तर "तसं नाही" म्हणता आलं का, ते शोधा.