पेवातला दिवा : विश्रामबागेतल्या एका पोस्टर-प्रदर्शनाची चिकित्सा

"दिवा कुठाय ह्यात?"

आमच्या प्रदर्शनावर झालेली पहिली खरी टीका एवढीच होती. ती करणारे गृहस्थ मूळचे हरिपूरचे. तरुणपणी त्यांनी हळदीच्या पेवांवर हमाली केलेली, आता विश्रामबागेत लेकीकडे राहतात. समोरच्या पोस्टरवर पेवाचा उभा छेद होता. अरुंद तोंड, खाली रांजणासारखं रुंदावत गेलेलं पोट, त्यात भरलेली पिवळीधमक हळद, बाजूने बाण, आणि तळाशी ठळक ओळ : 'वीज शून्य, प्लॅस्टिक शून्य, कचरा शून्य'. मी विचारलं, कसला दिवा? म्हणाले, "बाई, पेव उघडलं की आदी दिवा सोडायचा आत. इझला तर मानूस उतरत न्हाई. आता ह्या चित्रात मानूसच न्हाई, मग दिवा तरी कशाला लागतोय म्हना."

पोस्टर निवडणाऱ्या तिघांत मी एक होते. बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. त्या चित्राची रंगसंगती आणि मोकळी जागा मला फार आवडली होती. माणूस नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. म्हणून ही चिकित्सा आधी माझ्या निवडीची आहे.

विषय होता 'शाश्वत आणि पुनरुज्जीवक रचना'. वसाहतीच्या सभागृहात सव्वीस पोस्टर लावली. बहुतेक वास्तुकला आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांची, काही शिक्षकांची, दोन गृहिणींची, एक रोपवाटिकावाल्याचं. सांगली-मिरज रस्त्यावरच्या या भागाला असलं काही नवं नाही. इथे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आहे, वालचंद अभियांत्रिकी १९४७ पासून. तक्ते, आलेख, प्रकल्पांची प्रदर्शनं पाहत इथल्या पिढ्या वाढल्या. शिवाय विश्रामबाग तशी उंचावर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं (तिथली धोक्याची पातळी ४५ फूट), तेव्हा गावभागातली कितीतरी कुटुंबं इकडच्या नातेवाइकांकडे आली. विश्रामबागेला पूर माहीत आहे तो प्रामुख्याने जादा अंथरुणं घालून. प्रदर्शन पाहताना ही गोष्ट मला सारखी आठवत राहिली.

थोडं शब्दांविषयी. 'शाश्वत विकास' हा प्रयोग आपल्याकडे रुळला तो ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७ च्या अहवालानंतर. पुढच्या पिढ्यांच्या गरजा न मारता आजच्या गरजा भागवाव्यात, हा त्याचा गाभा. जॉन टिलमन लाइल या अमेरिकी भूदृश्यरचनाकाराने १९९४ च्या आपल्या पुस्तकात एक पाऊल पुढे टाकलं. नुकसान कमी करणं पुरेसं नाही; ज्या स्रोतांवर आपण जगतो ते पुन्हा भरून निघतील अशी रचना हवी, असं त्याचं म्हणणं. मराठीत याला आपण 'पुनरुज्जीवक' म्हणतो. सभागृहाच्या दारात हा शब्द वाचताना भले भले अडखळत होते. 'शाश्वत'ची अडचण निराळी आहे. आपल्या कानाला तो शब्द कीर्तनातून ओळखीचा. जे कधीच नष्ट होत नाही ते शाश्वत. एका आजींनी फलक पाहून गंभीरपणे विचारलं, प्रवचन किती वाजता आहे?

या शब्दांची खंत वाटते, कारण याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याकडे नेमका शब्द आहे : बेवड. आधीच्या पिकाने जमीन ज्या अवस्थेत मागे ठेवली ती अवस्था. हरभऱ्याचा बेवड चांगला, सोयाबीनचा बेवड उसाला मानवतो, असं सहज बोललं जातं. तुम्ही काय घेतलंत हा प्रश्न या शब्दात दुय्यम आहे. मागून येणाऱ्यासाठी काय ठेवलंत ते आधी विचारलं जातं. लाइलला पुस्तकभर जे मांडावं लागलं त्याचा बराचसा भाग या तीन अक्षरांत बसतो. सव्वीस पोस्टरांत हा शब्द एकदाही नव्हता. रोपवाटिकावाल्याच्याही पोस्टरवर नव्हता, आणि तो बोलताना दर पाच मिनिटांनी तो वापरत होता!

मग होतं काय? ओंजळीत रोपटं अकरा ठिकाणी. हिरवं पान दिव्याच्या आकारात, दिवा पानाच्या आकारात. पृथ्वीला ताप आलेला, तोंडात थर्मामीटर. आणि आज्ञार्थ : लावा, वाचवा, जपा, टाळा. या चित्रांवर माझा आक्षेप ती जुनी झाली एवढ्यापुरता नाही. ओंजळीतलं रोपटं कुठल्या मातीत लागणार हे चित्र कधी सांगत नाही. इथे मातीचा प्रश्न जिवावरचा आहे. कृष्णाकाठी उसाला वर्षानुवर्षं पाट भरभरून पाणी दिलं, निचऱ्याकडे दुर्लक्ष झालं, भूजल वर आलं आणि क्षार वर घेऊन आलं. वाळवा, मिरज, शेजारचा शिरोळ, या पट्ट्यात पांढऱ्या पडलेल्या क्षारपड जमिनी रस्त्यावरून दिसतात. तिथे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून खारं पाणी काढून द्यावं लागतं. एकट्याने करून भागत नाही, कारण पाणी खालच्या शेतात जातं. शेजाऱ्यांशी बोलावं लागतं, सामाईक चर ठरवावा लागतो. पुनरुज्जीवक रचनेचं याहून जवळचं उदाहरण कुठलं असेल? पण शेजाऱ्याशी भांडण मिटवणं चित्रात दाखवायचं कसं, हे आम्ही कधी शिकवलंच नाही.

पेवाचं पोस्टर या गर्दीत निराळं होतं हे कबूल करायला हवं. ते इथलं होतं. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम, आणि तिथल्या घट्ट मातीत खणलेली पेवं हे सांगलीच्या हळदबाजाराचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कोठार. तोंड बुजवलं की आत हवा खेळत नाही, कीड जगत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. मुलांनी हे बरोबर मांडलं होतं. पण कीड ज्यामुळे मरते त्याचमुळे माणूसही मरू शकतो, आणि म्हणून दिवा. रचनेचा गुण आणि तिची किंमत एकाच कारणातून येतात, आणि ती किंमत उतरणाऱ्याच्या श्वासात मोजली जाते. 'शून्य'वाल्या ओळीत त्याचा हिशेब नव्हता.

दुसरं गाळलेलं त्याहून मोठं. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं, हळद कुजली, बरीच पेवं कायमची गेली, आणि साठवण गोदामं व शीतगृहांकडे वळली. पोस्टर मात्र वर्तमानकाळात बोलत होतं : हळद टिकते, कीड लागत नाही. पूर्वजांचं शहाणपण म्हणून एखादी गोष्ट भिंतीवर टांगायची तर ती कुठे हरली हेही टांगावं लागेल. नाहीतर शाश्वत रचना म्हणून आपण मुलांना एक स्मारक दाखवतो. शिवाय पेव हरलं ते पाण्यापुढे. हरिपूरची माती बिघडली नव्हती, बांधणारेही चुकले नव्हते. मग नदीचं काय झालं, हा त्या पोस्टरातून निघणारा प्रश्न होता आणि तो निघाला असता तर सभागृहात खरी चर्चा झाली असती.

अशीच चुकामूक येरळेवरच्या बळीराजा स्मृती धरणाच्या पोस्टरात. खानापूर तालुक्यात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे छोटं धरण उभं केलं. त्याचा पैसा काही प्रमाणात नदीतली वाळू विकून उभा राहिला. येरळा उपसून नेणाऱ्या ठेकेदारीविरुद्ध लढून गावाने आपल्या वाळूवर हक्क सांगितला होता. आणि पाण्याचा वाटा भूमिहीनांनाही, हे सूत्र ठेवलं. पोस्टरवर भिंतीची लांबी-उंची, सांडव्याचा आराखडा सारं होतं. वाटपाचं सूत्र नव्हतं. मी मुलीला विचारलं तर म्हणाली, "ते सामाजिक झालं ना मॅडम, विषय डिझाइन होता." तिला दोष देत नाही, आमच्या सूचनापत्रकात तसंच लिहिलं होतं. पण भूमिहीनाला पाणी मिळेल असं वाटप आखणं ही या धरणातली सगळ्यात अवघड रचना होती.

उलट उदाहरणही सांगते. फ्लेक्स नको एवढं आम्ही आधीच ठरवलं होतं. तरी चौदा पोस्टर फ्लेक्सवरच आली, कारण स्वस्त आणि तासाभरात तयार. उरलेल्यांसाठी मांजरपाट आणला आणि पाट्या रंगवणाऱ्या एका जुन्या पेंटरला बोलावलं. फ्लेक्स आल्यापासून त्याचा ब्रश बहुतेक ट्रकांच्या मागेच चालतो. तो अक्षरामागे पैसे घेतो. त्यामुळे एकशेवीस शब्दांचे मजकूर पंधरावर आले, आणि काय गाळायचं यावर मुलं तीन दिवस भांडली. प्रदर्शनातली बरी पोस्टरं बहुतेक त्या कापडांवरची निघाली. खर्च मात्र दुपटीहून जास्त आला, हेही नोंदवते.

पिंगुळीच्या चित्रकथीत ठाकर कलावंत एकेक चित्र समोर धरून कथा गातात. चित्र एकटं कधी बोलत नाही, धरणारा लागतो. आम्ही दुसऱ्या दिवशी तसंच काही करायचं ठरवलं. हरिपूरच्या आजोबांना पेवाच्या पोस्टरशेजारी खुर्ची दिली. ते तासभर बोलले, कोण दोर धरायचं, किती वेळ तोंड उघडं ठेवायचं, कुणाचा भाऊ वर आला नाही. शेवटी शेवटी माणसं उभी राहायला जागा नव्हती, आणि बाकीची पंचवीस पोस्टरं ओस पडली होती.

पोस्टर फ्लेक्सवरचं होतं, त्यावर रंग धरेना. पेंटरने ते मांजरपाटावर नव्याने काढलं. दोराला बांधलेला कंदील आला, वर दोर धरलेली दोन माणसं आली. २००५ चं पाणी कुठवर दाखवायचं यावर आजोबा आणि मुलं यांचं अजून एकमत नाही. मुलांना पेवाच्या तोंडाशी निळी रेघ हवी आहे. आजोबा म्हणतात, कापड कमी पडतंय, वर आणखी जोडा.